वन्संचा पाण्यातला हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवापुढे बसले तरी एवढं वगळूनच बोलले. त्याला ठाऊक असेलच म्हणा — पण आपल्या तोंडाने सांगणं वेगळं, नाही का? आता तुम्हाला सांगते आहे. कुठून सुरू करू? त्या खड्ड्यापासूनच करते.

आमचं घर चिंचवड आणि आकुर्डीच्या मधल्या शिवारात. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. आसपास कारखाने उभे राहत होते, त्यांच्या भिंतींना विटा लागत होत्या, आणि त्या विटांसाठी आमच्या वावरातली माती गेली. मागे राहिला मोठा खड्डा. पावसाळ्यात भरला की उन्हाळ्यापर्यंत आटायचा नाही. माझे मालक कंपनीत शिफ्टला जायला लागले होते, त्यांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. तो खड्डा मागून घेतला वन्संनी.

सरूवन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. नवरा गेला आणि महिन्याच्या आत सासरच्यांनी एका बोचक्यासकट त्यांना आमच्या दारात आणून सोडलं. पदरी मूल नाही, डोळ्यांत मोतीबिंदू उतरत चाललेला. तरी पहाटेचं दळण त्यांचं, भाकऱ्या त्यांच्या, माझी दोन पोरं त्यांच्याच मांडीवर वाढली. आणि मी? मी त्यांच्या भाकरीला नावं ठेवायची. हो, अशीच होते मी.

आषाढात सरकारी खात्याचा एक साहेब आला. मडक्यांतून आणलेली बोटभर माशांची पिल्लं त्याने खड्ड्यात सोडली. शेण टाकलं की पाणी हिरवं होतं, त्यात बारीक जीव धरतात, ते खाऊन मासा वाढतो, असं त्याने समजावलं. पण शेण बेताने. जास्त झालं की पाणी सडतं, माशाला श्वास पुरत नाही. आधी तो वाढायचा थांबतो, मग मरतो. हे ओळखायची खूण अगदी साधी होती. काठावरून हात सरळ पाण्यात घालायचा. कोपर बुडेपर्यंत तळवा दिसत राहिला तर ठीक. त्याआधीच दिसेनासा झाला तर शेण बंद, आणि विहिरीचं ताजं पाणी आत सोडायचं.

वन्संना कुठलं दिसायला? त्या रोज सकाळी काठावर उकिडव्या बसून हात बुडवायच्या आणि मी शेजारी उभी राहायची.

"पारू, दिसतुय का गं हात?"

"दिसतुय की, वन्सं."

आणि दिसायचा. तेव्हा खरंच दिसायचा. गणपतीपर्यंत मासे वितीएवढे झाले. गावात कुरबुर होतीच — देहूच्या डोहातल्या माशाला कुणी बोट लावत न्हाई, आन् ही पाळून इकायला निघाली! वन्सं ऐकून घ्यायच्या. मासा ओंजळीत धरून चाचपायच्या, पुन्हा सोडायच्या आणि हसायच्या. त्यांना हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग एक दिवस भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "दिवाळीपत्तुर असंच वाढलं ना, तर खड्ड्याच्या कडंला खोपटं घालीन. माझी चूल येगळी. तुमच्यावर भार न्हाई माझा."

भार! मला तेव्हा तिसऱ्यांदा दिवस गेले होते. माझ्या डोळ्यांपुढे काय आलं सांगू? त्यांचं सुख नाही आलं. जातं आलं. पहाटेचं ते जड जातं, आणि त्याच्यापुढे एकटी मी.

आळस म्हणू का याला? भीती म्हणू? कितीदा घोळवून पाहिलं मनात, बरं नाव सापडत नाही. घरात आयती मिळालेली बिनपगारी मोलकरीण मला सोडायची नव्हती. बस. एवढंच होतं ते.

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या सकाळी त्यांनी हात पाण्यात घातला. मनगट बुडतं न बुडतं तोच तळवा नाहीसा झाला. पाणी वाटलेल्या पालेभाजीसारखं दाट. त्यांनी विचारलं. मी म्हणाले — दिसतुय की.

एकदा जीभ घसरली म्हणाल? नाही. रोज म्हणाले. रोज त्या समाधानाने पाटीभर शेण टाकत राहिल्या. मासे वाढेनात. "एवढं खाऊन अंगी का लागंना गं?" असं त्या मलाच विचारायच्या, आणि मी म्हणायचे, "शेण कमी पडत आसंल." हे मी म्हणाले. हे कुणी माझ्याकडून वदवून घेतलं नव्हतं.

नवरात्रात आभाळ भरून आलं आणि वारा पडला. आठव्या माळेच्या सकाळी गेलो तर सगळा खड्डा पांढऱ्या पोटांनी भरलेला. थोडे जिवंत होते, ते वर तोंड काढून आ वासत होते. वन्संना दिसलं नाही. वास आला. त्या तशाच पाण्यात उतरल्या आणि हाताला लागेल तो मासा धरून हलवायला लागल्या. मग काठावर बसल्या, आणि रडल्या नाहीत. म्हणाल्या, "माझा हातच वाईट, पारू. ज्याला लावते त्ये मरतंय. नवरा खाल्ला, आता ह्ये."

एक वाक्य पुरलं असतं. वन्सं, हात वाईट नाही, पाणी वाईट होतं, आणि मला ते दिसत होतं. ते वाक्य माझ्या तोंडात आलं होतं हो! अगदी दातांपर्यंत. मी गिळलं. वर म्हणाले काय — "चला, दळण राहिलंय."

त्यानंतर वन्संनी पेरणीच्या बियाण्याला हात लावला नाही. तुळशीला पाणी घातलं नाही. मला तिसऱ्या खेपेला मुलगी झाली, तिला त्यांनी एकदाही उचललं नाही. रांगत रांगत ती त्यांच्याकडे जायची, तर त्या दोन्ही हात पदरात गुंडाळून भिंतीकडे सरकायच्या. पोर रडायची. त्याही रडायच्या. मी चुलीपाशी बसून बघायची. दळण मात्र चालू राहिलं. जात्याला कसला आलाय अपशकुन? मला हवं ते मिळालं होतं.

अशी एकोणीस वर्षं त्या माझ्या घरात राहिल्या. पुढे डोळे पार गेले. मग सगळं मलाच विचारायच्या. आभाळ आलंय का, दिवा लागला का, धाकटी कुणाच्या तोंडावळ्यावर गेली. मी सांगायचे आणि त्या मान डोलवायच्या. शेवटच्या आजारात शेजारणीला म्हणाल्या, "माझं डोळं गेलं तरी काय बिघडलं न्हाई. पारूचं डोळं हायेत मला."

मी तिथेच होते. पेज ढवळत होते.

वन्सं, गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या सकाळी तुमचा हात मला दिसत नव्हता.