शफीभाऊंचा दात

नागभीडच्या बाजारात माझे बांगड्यांचे दुकान आणि समोर शफीभाऊ पिंजाऱ्याचे गाद्यांचे. मध्ये एक रस्ता आणि एक गटार, म्हणून त्यांच्या घरातले मला त्यांच्याआधी कळायचे. माणूस काडीसारखा, भुवयांवर कायम कापूस, आणि हट्टी तर असा की एकदा अडला की बैलजोडी लावूनही हलायचा नाही. तरुणपणी खांद्यावर कापूस पिंजायचे धनुष्यासारखे पिंजण घेऊन सावली गावापर्यंत पायी फिरलेला माणूस तो.

अठ्ठ्याण्णव साली शाळेच्या पटांगणात प्रणित सरांनी कराटेचा वर्ग काढला आणि शफीभाऊंची पोर शिरीन त्यात जायला लागली. कुजबुज झालीच. "पोरीच्या जातीले मारामारी कायले पायजे?" असे एका गिऱ्हाइकाने तोंडावर विचारले, तेव्हा शफीभाऊंनी त्याची गादी अर्धवट शिवलेली तशीच परत दिली. मला फार बरे वाटले.

पण चंद्रपूरच्या जिल्हा निवडीत शिरीन हरली. ताकद होती, वेग नव्हता. तिचा ठोसा निघाला की समोरच्या पोरीला तो येताना दिसायचा आणि ती आरामात बाजूला व्हायची. सर म्हणाले, "पुढच्या वर्षी शेवटची संधी. नंतर हिचा वयोगट संपते." शिरीन घरी येऊन जी झोपली ती जेवायलाही उठेना.

शफीभाऊ सरांकडे गेले. "वेग कसा वाढवाचा ते दाखवा, मी घरी करून घेतो." सरांनी दाखवले. खांदा ढिला सोडायचा, मूठ अगदी शेवटी आवळायची. भिंतीच्या कडेला उभे राहून मारायचे, म्हणजे कोपर बाहेर फाकत नाही. आणि हात जातो त्याहून झटक्यात मागे आणायचा. हे शेवटचे शफीभाऊंना लगेच पटले. पिंजणाच्या ताणलेल्या तातीवर लाकडी मुठिया हाणला आणि तिथेच टेकवून ठेवला, तर तात मुकी होते, कापूस फुलत नाही. ते शिरीनला म्हणायचे, "मारलं का वापस. तिथी मुक्कामाले नाई जायचं."

रोज दुकान उघडायच्या आधी बापलेकीचे सुरू व्हायचे. शफीभाऊ कापसाचा पुंजका हवेत सोडायचे, शिरीनने ठोशाच्या झपाट्यात तो मुठीत धरायचा. हात ताठ असला की वाऱ्याने पुंजका पुढे पळे आणि समोर दुकान झाडता झाडता मी हसे. पोळा होईपर्यंत माझे हसणे बंद झाले, कारण पुंजका सुटेनासा झाला. मग शफीभाऊ छातीशी उशी धरून उभे राहायचे, आणि उशीवर मात्र तोच जुना, सावकाश, पाहुण्यासारखा येणारा ठोसा. सरांनाही कळेना की हवेत विजेसारखा जाणारा हात उशीपाशी का पांगळा होतो.

एका शुक्रवारी शफीभाऊ नमाजला गेले. शिरीन म्हणाली, "वच्छलाबाई, जराशी उशी धरता का?" धरली. पुढे काय झाले ते मला दिसले नाही. मी गाद्यांच्या ढिगावर बसलेली होते आणि माझ्या हातातल्या हिरव्या बांगड्या जमिनीवर फुटून पडल्या होत्या. शफीभाऊ परतल्यावर मी तिला त्यांच्यापुढे पुन्हा मारायला लावले. पुन्हा पाहुणा!

मला राग आवरेना. "शफीभाऊ, पोरीच्या हातात खोट नाई. तुमी समोर असले का तिचा हात अर्ध्यात थांबते. बापाले कशी मारन ते?"

शिरीनने मान खाली घातली. तेवढ्यात सगळे कळले. इतके दिवस बापाला जपून मारता मारता तिच्या हाताला थांबायचीच सवय लागली होती.

मी म्हटले, उद्यापासून मी उभी राहते. शफीभाऊ अडले. "नाई बाई. सवय माह्यापाशी लागली, माह्यापाशीच सुटन." मग शिरीनकडे वळून म्हणाले, "बाप घरात. इथी मी गादी आहो. ठोकल्याबिगर गादी बसत नाई. मार!"

ती रडली. रडत रडत मारू लागली. दसरा गेला, थंडी पडली, रजयांची गर्दी झाली, तरी सकाळ चुकली नाही. छातीवर काळेनिळे डाग पडले, शफीभाऊंनी तेल चोळले आणि पुन्हा उशी धरली. एकदा एका गिऱ्हाइकाने हाक मारली, भाऊंची मान वळली, उशी खाली आली आणि शिरीनची मूठ थेट तोंडावर बसली. समोरचा दात रस्त्यावर पडला.

शिरीन थिजली. शफीभाऊ रक्त थुंकले आणि माझ्याकडे बघून ओरडले, "ठोसा दिसलाच नाई! वच्छलाबाई, तुमाले दिसला का?" असा आनंद मी त्यांच्या निकाहातही पाहिला नव्हता. शिरीन मात्र त्यानंतर कित्येक दिवस उशीजवळ गेली नाही, आणि गेली ती बापाने दारात बसून उपास धरला तेव्हा.

निवडीला चंद्रपूरला मीही गेले, पोरीसोबत बाई हवी म्हणून. शफीभाऊंनी तोंडावर दुपट्टा बांधला होता. बोळके लोकांना दिसले तर पोरीला बोल लागेल, असे त्यांचे म्हणणे. शिरीन एकेक लढत काढत शेवटच्या लढतीत आली. तिथे दोघी बरोबरीत, वेळ संपत आलेली, आता एका ठोशावर निवड. समोरची पोर पुढे आली, जागा मोकळी मिळाली, आणि शिरीनचा हात अर्ध्यात थांबला. एवढे सगळे करून पुन्हा तेच!

पंचांनी दोघींना जागेवर परत उभे केले. शिरीनने आमच्याकडे पाहिले. तिचे डोळे भरले होते.

शफीभाऊ उठले. दुपट्टा सोडला आणि भरल्या मैदानात तोंड वासून हसले. ते खिंडार लांबूनही दिसत होते. शिरीनने ते पाहिले, नाकाने श्वास घेतला, खांदा ढिला सोडला.

मग पंचांचा हात शिरीनच्या बाजूला वर गेला आणि समोरची पोर जागच्या जागी डोळे मिचकावत राहिली. शफीभाऊ शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड धरून विचारत होते, "भाऊ, दिसला का? तुमाले दिसला का?"