गणपती उठवायची चाल

मी बडोदे सोडलं तेव्हा स्टेशनवर सात माणसं आली होती आणि सातही जण मला शहाणपण शिकवत होते. केबल टीव्ही नुकता घरोघर पोचला होता. आता मुंबईला संगीतकार कमी पडणार, हे मीच सगळ्यांना पटवून दिलं होतं. नाना, म्हणजे माझे वडील, दांडिया बाजारात पेटीचे वर्ग घ्यायचे. त्यांनी लिलो चिवड्याचा, म्हणजे बडोद्याच्या ओलसर चिवड्याचा, पुडा हातात दिला. "एकट्याने खाऊ नकोस. स्टुडिओत वाट."

वाटला. त्या चिवड्यावरच मला काम मिळालं, असं मी अजून सांगतो आणि लोक हसतात. काम म्हणजे एका मोठ्या संगीतकाराचा मदतनीस. मालिकेतल्या सासूने भुवई उचलली की मी कीबोर्डवर ढॅण्, सुनेने मान वळवली की ढॅण् ढॅण्. पडद्यावर नाव साहेबांचं.

एकदा शीर्षकगीत तातडीने हवं होतं. अशा वेळी आम्ही 'डमी' लावतो: तात्पुरती कुठलीतरी चाल बसवायची, खरी मागाहून करायची. मला काही सुचेना. मी नानांची लावली. आमच्या गल्लीचा गणपती विसर्जनाला उठायच्या आधी नाना पेटीवर स्वतःची एक चाल वाजवायचे. शब्द नव्हते तिला, पण ती संपल्याशिवाय मूर्तीला कोणी हात लावत नसे. निर्मात्याला डमीच आवडली. साहेबांच्या नावावर तीच कायम झाली. चाल कुणाची, हे मी कुणालाच सांगितलं नाही, नानांनाही नाही.

त्या वर्षी विसर्जनाला मी घरी होतो. नानांनी चार सूर वाजवले, तोच गल्लीत नुकताच राहायला आलेला मंडळाचा नवा सेक्रेटरी केतन हसत म्हणाला, "काका, आ तो सिरियलवाळी धून छे ने? तुम्हीपण टीव्हीवरून उचलायला लागलात?" मग माझ्याकडे वळला. "भाई, तू तर त्याच लाइनमध्ये. बोल ने."

जुनी माणसंसुद्धा गोंधळून माझ्याकडे बघत होती. नानाही. खरं बोललो असतो तर ते साहेबांपर्यंत पोचलं असतं आणि माझं ढॅण् बंद. म्हणालो, "थोडी सारखी वाटते खरी."

नानांनी शांतपणे पेटीचा भाता मिटला. "असेल," ते केतनला म्हणाले. "ऐकली असेन कुठेतरी."

तिकडे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, आता पडद्यावर माझं नाव येतं, चांगलं ठळक येतं. गल्लीत विसर्जनाआधी मंडळ स्पीकरवर सिरियलची कॅसेट लावतं. ती संपेपर्यंत नाना गॅलरीत हात जोडून उभे असतात, असं आई फोनवर सांगते. घर म्हणजे, जिथे मी वर्षातला एक दिवस सोडून कधीही जाऊ शकतो. त्या दिवशी मी मुंबईत मुद्दाम रेकॉर्डिंग ठेवतो.