माळावर एकालाच मारलेली हाक

बकरी ईदच्या आधीची गोष्ट आहे, पण खरं सांगते, लिहिताना अजून अंगावर काटा येतोय. अब्बा आणि मी सोलापूरहून मोटरसायकलवर मोडनिंबच्या पुढं एका धनगर वस्तीवर गेलो होतो, कुर्बानीचा बोकड बघायला. अब्बा बोकडाचे दात बघत होते आणि एकदम छाती धरून खालीच बसले. घामानं चिंब! माझा चुलतभाऊ दवाखान्यात कामाला आहे, त्याला फोन लावला, उचलेनाच. अॅम्ब्युलन्सला लावला तर रेंज गेली. मी वेड्यासारखी फोन वर धरून माळावर पळतेय आणि अब्बांचे नुसते ओठ हलतायत.

तेवढ्यात बोकडवाली मावशी पळत आली, मुठीत बिरोबाचा भंडारा. ती हळद आता अब्बांच्या कपाळाला लावणार! मागायचं ते फक्त अल्लाहकडं, त्याच्या जोडीला कुणीच नाही, हे अब्बांनीच तर शिकवलेलं. पण वस्तीवर गाडी एकच, ती हिच्या नवऱ्याची. ही चिडली तर? क्षणभर वाटलं, लावू दे, कोण बघतंय. मग अब्बांकडं बघितलं आणि तोंडातून निघूनच गेलं, "मावशी, नको. राग मानू नका. आम्ही एकट्या अल्लाहलाच मागतो."

मावशीनं मूठ मिटली. "व्हय का? मग माग की! त्या फोनानं आभाळाला काय ओवाळतीयास? तू तुज्याला हाक मार, मी माज्याला मारती." आणि नवऱ्यावर ओरडली, "अवो, बगताय काय? शेरडं उतरवा की पिकअपमदली!"

पिकअपमध्ये अब्बांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मला वाटायचं, अनेकांना मानणं ही दुसऱ्यांच्या घरातली गोष्ट, आपण तर एकालाच मानतो. आणि हितं माझ्याच मनात भाऊ, फोन, रेंज, डॉक्टर, किती जण त्याच्या जागेवर बसलेले! ते सगळे एकेक करून गळून पडले आणि उरला तो एकच. वर ते एवढं मोठं आभाळ, त्याचा मालक तो, आणि माझं ऐकायला त्याला मधे कुणीच लागत नाही! मी हादरूनच गेले. म्हटलं, या अल्लाह, अब्बा तुझेच आहेत, ठेवलेस तरी, नेलेस तरी. हे म्हटलं आणि माझी भीतीच गेली. कशी, ते मला सांगता येणार नाही.

टेंभुर्णीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. अब्बा आता बरे आहेत, माझ्यावर ओरडतात पण.

मावशी आमच्याबरोबरच आलेली, दिवसभर दवाखान्याच्या पायरीवर बसून होती. मला बघून हसली, "ऐकलं बग माज्या बिरुबानं!" मी वाद घातला नाही, गळ्यातच पडले. तिनं कुणाला हाक मारली ते तिला ठाऊक. पण मी तोंडावर नको म्हटलं तरी जिनं क्षणात गाडी रिकामी केली, तिच्या काळजात ती माया घालणारा कोण, हे मला लई पक्कं माहितेय. तो एकच आहे. अल्हम्दुलिल्लाह.