बंड्याची लघवी

आमच्या बंड्याला माणसांसमोर लघवी करायची लाज वाटत असे. हे मला तो बारा वर्षांचा झाल्यावर कळलं.

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. आम्ही मुलुंडला राहायचो. बंड्या, आमचा गावठी कुत्रा, अचानक बादलीभर पाणी प्यायला लागला आणि जेवण सोडून बसला. डोळेही पिवळट दिसत होते. शैला, माझी बायको, घाबरली. प्राण्यांच्या डॉक्टरांनी किडनी आणि लिव्हर दोन्हींवर संशय घेतला, रक्त काढलं आणि सकाळची पहिली लघवी आणायला सांगितली.

शैलाने आमटीची जुनी पळी दिली. (ती परत घरात आणायची नाही, या अटीवर.) पहाटे मी पळी घेऊन बंड्याच्या मागे निघालो. तो खांबापाशी पाय वर करायचा, मी पळी पुढे करायचो, तो पाय खाली घ्यायचा. अशी आम्ही अख्खी कॉलनी फिरलो. गॅलऱ्यांत चहाचे कप घेऊन मंडळी जमली. शेवटी तळमजल्यावरच्या सावंतकाकूंना राहवलं नाही.

"मेल्या, तू तकडे बघ. तो लाजता तुका."

मी तोंड फिरवलं, पळी पाठीमागे धरली. निम्मी लघवी पळीत आली, निम्मी माझ्या पायजम्यावर!

प्राण्यांची लॅब जवळपास नव्हती, म्हणून डॉक्टरांनी रक्ताची आणि लघवीची अशा दोन्ही बाटल्या माणसांच्याच लॅबमध्ये द्यायला सांगितल्या. तिथे कुत्रा म्हणायचा मला संकोच वाटला. मी पेशंटचं नाव 'बंडू' सांगितलं. संध्याकाळी लॅबवाले गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "किडनी थकलीय, लिव्हरही सुजलेलं दिसतंय. पेशंट पितो का?"

"फक्त पाणी."

"आणि खातो काय?"

"अलीकडे काही नाही. पूर्वी चपला खायचा."

प्राण्यांच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून खरं ते सांगितलं. हे वयाचं दुखणं, पूर्ण बरं होणार नाही. पण औषधं आणि पथ्य सांभाळलं तर अजून बरे दिवस काढेल. घरी येईपर्यंत शैलाने बंड्याला मांडीवरून खाली ठेवलं नाही.

पथ्य म्हणजे मऊ भात आणि उकडलेला दुधी, मीठ नाही. बंड्या त्याला तोंड लावेना. मी शेजारी बसून तेच खाल्लं, तर मात्र खायचा. त्यामुळे पुढची दोन वर्षं, म्हणजे तो होता तोवर, रोज रात्री आम्ही दोघं जमिनीवर पंगतीला बसायचो.

दरम्यान माझा रक्तदाब उतरला, पोटही. आमचे फॅमिली डॉक्टर चकित झाले. कोणाची ट्रीटमेंट घेतलीत, असं त्यांनी विचारलं आणि मी प्रामाणिकपणे प्राण्यांच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं.

तेव्हापासून ते नाडी बघण्याआधी माझं नाक गार आहे का ते बघतात.