द्वारकाबाईच्या आवाजातलं आवतन

द्वारके,

हे पत्र तू वाचणार नाहीस, ऐकणार आहेस. तुझी नात तृप्ती ते तिच्या मशीनमध्ये घालील आणि मशीन तुझ्याच आवाजात तुला ऐकवील. म्हणजे लिहिलं मी, बोलणार तू आणि ऐकणारही तूच. मध्येच ‘मी असं कवा म्हन्ले?’ म्हणून त्या डब्यावर ओरडू नकोस. शब्द माझे आहेत, घसा तेवढा तुझा. टरबुजाच्या शेतातल्या त्या जेवणाबद्दल जालन्यात लोक काहीबाही सांगत सुटलेत. माणसागणिक दोषी वेगळा. मला असल्या वाढवून सांगण्याचा कंटाळा येतो, म्हणून जे झालं ते सरळ लिहून टाकते. बाकीच्यांनाही कळलं पाहिजे, तेव्हा इथून पुढं तुला ‘ती’ म्हणणार आहे. राग आला तर चहा टाक, पण शेवटपर्यंत ऐक.

तर, हसनाबादेत कुणाकडं लग्न, बारसं नाहीतर तेरावं निघालं की द्वारकाबाई पायात चपला सरकवायची. दारोदार जाऊन आवतन सांगणं हे तिचं काम. पत्रिका घरोघर जायच्या, पण त्या देवाजवळ ठेवण्यापुरत्या. जेवायला कुणी आणि किती जणांनी यायचं, ते द्वारकाबाई दारात उभी राहून सांगेल तेव्हाच ठरायचं. ‘घरटी एक’ म्हणाली की घरातल्या एकानं जायचं. ‘चूलबंद’ म्हणाली की त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही. तान्ह्या लेकरापासून काठी टेकणाऱ्या म्हातारीपर्यंत सगळ्यांची पानं तिकडं. घरटी एक ऐकून सगळं घर गेलं तर नुसतं हसं होतं. पण चूलबंद ऐकून गेलेल्याला पान मिळालं नाही, तर तो घरी येऊन खाणार काय? आणि अशा वेळी गाव यजमानाला नावं ठेवत नाही. सांगणारीला ठेवतं.

तिला मात्र कुणी कधी नाव ठेवलं नव्हतं. तिच्या सांगण्यावरून गेलेलं माणूस उपाशी परतलं, असं तिच्या उभ्या जन्मात झालं नव्हतं, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना ऐकवायची. नम्रपणा वगैरे तिच्यापाशी नव्हताच. नवरा गेल्यावर तिनं हे काम धरलं आणि तहसीलदाराच्या तोऱ्यात केलं. आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी ती बोलली की शेवटच्या गोठ्यातली म्हैस मान वर करायची. बोलायच्या आधी घशातून एक जाडसर ‘हां’ काढायची, मग, ‘ऐका.’ एवढं झालं की बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या.

या आवाजावर नातीचा डोळा गेला.

तृप्ती इंजिनिअर झाली, दोन वर्षं बाहेर नोकरी करून परत आली आणि नवीन जालन्यात, स्टेशनच्या रस्त्याला, एका बियाणं कंपनीच्या ऑफिसच्या वरच्या मजल्यावर तिनं धंदा टाकला. धंदा ऑनलाइन. दुकानदारानं, दवाखान्यानं, दूध डेअरीनं आपला मजकूर टाईप करून पाठवायचा, यादीतला एक आवाज निवडायचा. मशीन तो मजकूर त्या आवाजात बोलतं आणि सांगाल तितक्या लोकांच्या फोनवर जाऊन पोचवतं. यादीतले आवाज मात्र सगळे इस्त्री केलेले. शेतकरी ‘नमस्कार’ एवढं ऐकून फोन कापायचे.

“आजी, मला तुझा आवाज दे,” तृप्ती म्हणाली.

“दे म्हंजे? अन मी काय मुकी बसू?”

“तुझा तुझ्यापाशीच राहतो गं. मशीनला फक्त शिकवायचाय.”

“मशीनला माहं बोलनं शिकवायलीस? तुह्या मायला शिकवता शिकवता माहं निम्मं आयुष्य गेलं, अजून शिकली न्हाई ती.”

पण गेली. भिंतींना गोधड्या टांगलेल्या खोलीत, पंखा बंद करून, घामानं भिजत ती बसायची. तृप्ती वाक्य सांगायची, हिनं ते म्हणायचं. पहिल्याच दिवशी माईक बाजूला सारून म्हणाली, “भित्ताडासंगं मी बोलत न्हाई. समोर मानूस बसव.” मग तृप्तीच समोर बसायला लागली. वाक्यंसुद्धा ही तशीच्या तशी घेईना. “‘आपल्या खात्यातील शिल्लक तपासण्यासाठी एक दाबा.’ काय दाबा? गळा? असं कोन बोलतं का मानसासंगं?” रेल्वेचा भोंगा झाला की थांबायचं, तो थांबला की हिला हसू यायचं. असे कितीतरी दिवस. मशीन सगळं शिकलं. ते ‘हां’ सुद्धा शिकलं.

यादीत तिचं नाव लागलं: ‘द्वारका – घरगुती.’

“घरगुती? मी काय मसाला हाय का?” ती म्हणाली, पण पुढं महिनाभर भेटेल त्याला फोनवर ते दाखवत होती. आवाज चालला. दूध डेअरीनं घेतला, जनावरांच्या दवाखान्यानं घेतला. लोक फोन कापीनात. काही तर मशीनला उलट विचारायचे, “बऱ्या हायेत का मावशी?”

मग आले राधेश्याम शेठ. ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं त्यांचं दुकान. हसनाबादच्या शिवारात एका टरबुजाच्या प्लॉटवर त्यांनी शेतकऱ्यांचा मेळावा ठेवला होता: पाहणी, दोन भाषणं आणि जेवण. निमंत्रणाचा मजकूर त्यांच्या दुकानातल्या हरिओमनं टाईप केला, ‘द्वारका’ निवडली, बटण दाबलं. तृप्तीच्या धंद्याची हीच तर शेखी होती, की मध्ये कुणी माणूस लागत नाही.

आदल्या सांजेला खुद्द द्वारकाबाईचाही फोन वाजला. उचलला तर आतून तिचाच आवाज: “हां, ऐका…”

“तू कोन मला ऐकवनारी?” म्हणून तिनं कापला. तिला वाटलं नात थट्टा करतेय.

दुसऱ्या दिवशी ती ओट्यावर सुपात डाळ निवडत होती. समोरून बायका ठेवणीतली लुगडी-साड्या नेसून चाललेल्या. बेबीनंदा शेजारीण दाराला कडी घालून निघाली, लेकरं पुढं, सासरा मागं.

“चला की आत्या! तुमीच आवतन देल्लं अन तुमीच डाळ निवडून राह्यल्या?”

“कशाचं आवतन?”

“घ्या! माह्या फोनवर आल्ता, ह्यांच्या फोनवर आल्ता, पोराच्या फोनवर आल्ता. म्हन्लं आत्याचा एवढा आग्रह हाय तं जावंच लागंल. सकाळधरनं चूल पेटवली न्हाई.”

“चूल?”

“चूलबंद म्हन्ल्या ना तुमी.”

सूप तिथंच राहिलं. चपलाही राहिल्या. द्वारकाबाई अनवाणी शिवाराच्या वाटेला लागली आणि वाटेत दिसणाऱ्या प्रत्येक घराच्या धुराड्याकडं बघत गेली. धूर कुठंच नव्हता.

मांडवात पाय ठेवायला जागा नाही. राधेश्याम शेठ खुशीत. “वा मावशी, काय आवाज आहे तुमचा! सगळं गाव लोटलं!”

“शेठ, किती मानसाचं रांधलं?”

“घरटी एक धरून. आचाऱ्याला तेवढंच सांगितलंय. बराबर ना?”

“अन लोकायला काय सांगलं?”

शेठनी हरिओमकडं पाहिलं. हरिओमनं फोन उघडला, वाचला आणि त्याचा चेहरा उतरला. “मावशी… मी नुसता जरा गावाकडचा रंग दिला. ‘चूलबंद आवतन’. कानाला गोड वाटतं. माझी आजी म्हणायची.”

“म्हनल्यावर ती काय करायची, ते इचार जाऊन तिला!”

शेठ व्यापारी माणूस, चटकन सावरले. “घाबरू नका मावशी. मी माईकवरून जाहीर करतो. आवाज मशीनचा होता, चूक आमच्या पोराची, तुमचा काही संबंध नाही. तुमच्यावर काहीच येणार नाही.”

तेही खरंच होतं. तिला क्षणभर मोह झालाही. शेठनी सांगितलं असतं, लोक मशीनच्या नावानं बोटं मोडत घरी गेले असते आणि ही आपल्या ओट्यावर जाऊन बसली असती. पण तिनं मांडवात नजर टाकली. बायका शेठकडं बघत नव्हत्या, माईककडं तर नाहीच. सगळ्या हिच्याकडं बघत होत्या; आता ही पानं मांडायला सांगेल, याच भरवशानं.

“शेठ, तुमच्या मशीनचं ऐकून कोनी चूल बंद ठिवली न्हाई,” ती म्हणाली. “माहं ऐकून ठिवली. माईक खाली ठिवा अन बेसन आना.”

मग ती कुणालाच ऐकेना. हरिओमला मोटारसायकलवर बेसन, तेल, मिरच्या आणायला पिटाळला. बायकांना घरी धाडलं, ज्वारीचं पीठ आणि तवे आणायला. “आवतनाला आलो का रोजगाराला?” बेबीनंदा म्हणाली. “थाप मुकाट्यानं,” हिनं सांगितलं, “तुही भाकर चांगली होती म्हनून तं बोलावलं.” बांधावरचे दगड मांडून चुली झाल्या. जळण कमी पडलं तेव्हा नळ्यांचा एक खोका गेला, आणि शेठ ‘अहो तो डिस्प्ले आहे’ म्हणेपर्यंत दुसराही गेला. पहिल्या पंगतीला पुरी-भाजी, बुंदी, वरण-भात असं ठरलेलं जेवण मिळालं. पातेली खरवडून झाली. पुढच्या पंगतींना पिठलं-भाकरी.

तृप्ती जालन्याहून स्कूटीवर धावत आली ती डोळ्यांत पाणी घेऊनच. “आजी, माझ्यामुळं गं…”

“रडू नको. भाकर थाप.”

“मला येत नाही.”

“मंग पानी वाढ. एवढं शिकवलं, पानी तं वाढता येतं ना?”

भाषणं झालीच नाहीत. लोक पिठल्याची वाट बघत नळ्या उलटसुलट करून पाहत राहिले. शेवटची पंगत उठली तेव्हा द्वारकाबाई बांधावर टेकली, आणि आपलं नाव राहिलं, असं तिला वाटलं.

घरी जाताना बेबीनंदा तिच्या बरोबरीनं चालत होती. 

“आत्या, मदिनाबी आल्त्या.”

“कवा? मला न्हाई दिसल्या.”

“तुमी पिठासाठी वरडत होत्या तवा. दोन्ही नातवंडं संगं. पोराचं, सोहेबचं, लगीन झालं तवापासनं त्यांच्या घरी कोनाचं आवतनच न्हाई; आता पहिल्यांदाच कोनी बोलावलं म्हनून पोरायला नवे कपडे घातल्ते. पातेलं खरवडताना बघितलं अन माघारी फिरल्या. मी म्हन्लं थांबा, पिठलं व्हायलंय. तं म्हन्ल्या, द्वारकाबाईला नको सांगू, तिच्या जिवाला लागंल.”

द्वारकाबाईनं पदर तोंडाशी नेला आणि घर येईपर्यंत काढला नाही. तिच्या सांगण्यावरून गेलेलं एक घर उपाशी परतलं होतं, आणि परत जाताना तिचीच काळजी करून गेलं होतं. गाव तिला काही बोललं नाही. उलट पिठल्याचं कौतुक झालं. ते तिला जास्तच टोचलं.

धंद्याचं म्हणाल तर नियम बदलला. ‘द्वारका’ आवाजातला कुठलाही मजकूर आता आधी द्वारकाबाईला फोनवर ऐकवायचा, तिनं ‘जाऊ दे’ म्हटलं तरच पुढं जायचा. काही गिऱ्हाइकं चिडून गेली. उरलेली कुरकुरतात पण राहतात. परवा एका बियाण्याच्या जाहिरातीत ‘उगवण शंभर टक्के’ होतं. “शंभर दाने टाकले अन शंभर उगवले?” ती म्हणाली. “मंग पाखरायनी काय खाल्लं? काढ ते.” काढावं लागलं. मला ती बाई याच कारणासाठी आवडते, आणि याच कारणासाठी तिच्याशी दहा मिनिटांच्या वर बोलवत नाही.

मदिनाबीचं मात्र राहिलं होतं. तृप्तीनं सुचवलं, “मी त्यांना एक फोन लावून देते, तुझ्याच आवाजात. माफीचा मजकूर तू सांग.”

“ज्या आवाजानं ती उपाशी गेली, त्योच पुन्हा धाडू का? मी जाईन. माह्या पायानं जाईन.”

आणि ती माझ्याकडं आली. सोहेब माझ्या वर्गात शिकलेला, त्या घरी माझं येणं-जाणं. ओसरीवर बसली, चहा थंड केला आणि जन्मात पहिल्यांदा हळू बोलली. “बाई, तुमी चला संगं. मला एकटीला तिच्या दारात शब्द फुटायचा न्हाई.” ठरलं असं, की दोघींनी मदिनाबीच्या दारात जायचं, द्वारकाबाईनं आपल्या स्वतःच्या घरचं चूलबंद आवतन तोंडानं सांगायचं, आणि दुसऱ्या दिवशी तिनं रांधायचं. मी म्हटलं, येत्या रविवारी.

त्या रविवारी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. पुढं रमजान लागला. ती म्हणाली, रोजे होऊ द्या. ईद झाली तर तृप्तीला ताप. मग ऊन फार. मग मी म्हटलं उद्या, आणि ती म्हणाली बाजाराचा दिवस आहे, परवा. सोहेब पुण्याहून आला आणि आईला, पोरांना घेऊन गेला. त्यांच्या घराला कुलूप आहे. किल्ली बेबीनंदाकडं असते, ती आठवड्याला अंगण झाडून येते.

पुण्याचा पत्ता मी सोहेबकडून घेऊन ठेवलाय, द्वारके. गाडी जालन्यावरून थेट आहे. आपण दोघींनी अजून तिकीट काढलेलं नाही.