वाळकांची हाळी

सोनपेठच्या आठवडी बाजारातल्या हाळ्या हा माझ्या पीएच.डी.चा विषय होता. वर्तमानपत्रातली नोकरी सांभाळून प्रबंध पूर्ण केला. प्रबंधाच्या पीडीएफमध्ये प्रत्येक हाळीशेजारी एक बटण होतं. ते दाबलं की आवाज ऐकू येई. सर्वांत खणखणीत आवाज वाळकं, म्हणजे काकडीसारखी रसाळ फळं, विकणाऱ्या मावशींचा. ध्वनिमुद्रणाला त्या एका अटीवर तयार झाल्या होत्या. "माजा आवाज तितं कायम ऱ्हायला पायजे. न्हाईतर फुकट कशाला वरडू?" मी शब्द दिला होता.

परभणीच्या महाविद्यालयातल्या ग्रंथालयाला अंतिम प्रत पीडीएफ-ए या प्रकारात हवी होती. हा जतनासाठीचा प्रकार. पुढे कधीही, कुठल्याही संगणकावर फाइल जशीच्या तशी उघडावी, म्हणून फॉन्टसुद्धा तिच्यातच भरून ठेवायचे. फॉन्ट बसले. आवाज मात्र तपासणीत अडकले. नेमून दिलेल्या प्रकारात ध्वनीला मनाई होती. बटणं काढली, तेव्हा फाइल मंजूर झाली.

पुढच्या बाजारात मावशींना हे सांगितलं. त्यांनी तराजू खाली ठेवला.

"म्हंजी पुस्तक ऱ्हाणार, आन् मी मुकी?"

"हाळी शब्दांत छापली आहे, मावशी."

"वाच बरं बाबा."

मी वाचली. "वाळकं घ्या वाळकं, उन्हाची दवा वाळकं."

शेजारची मिरचीवाली मावशींना म्हणाली, "मयताची खबर दिल्यावानी वाचायलाय ह्यो. असं वरडल्यावर गिऱ्हाईक येतंय का?"

मावशी हसल्या. अट मात्र त्यांनी सोडली नाही.

मार्ग ग्रंथपालबाईंनी काढला. मूळ ध्वनिमुद्रणं ग्रंथालयाच्या संग्रहात वेगळी ठेवायची आणि त्यांचे क्रमांक प्रबंधात हाळीखाली छापायचे. फाइल पुन्हा तयार केली, पुन्हा मंजूर करून घेतली. तोवर माझ्या शब्दावरचा मावशींचा भरवसा लय पातळ झाला होता. खात्री करायला त्या स्वतः एसटीने परभणीला आल्या.

"लावा," त्या ग्रंथपालबाईंना म्हणाल्या.

बाईंनी प्रबंधातला क्रमांक पाहून ध्वनिमुद्रण लावलं. संगणकाचा आवाज पूर्ण वाढवलेला आहे, हे कोणाच्याच ध्यानात नव्हतं. हाळी वाचनकक्षभर घुमली. पुस्तकांवरच्या माना वर झाल्या. खिडकीजवळच्या एका विद्यार्थ्याने विचारलं, "कशी दिली वाळकं?"

मावशींनी भाव सांगितला, आणि घासाघीस करायची असेल तर सोनपेठला बाजाराच्या दिवशी यायला सांगितलं.