चौदा लंगोट

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आम्ही तेव्हा भाईंदरला, मिठागरांच्या बाजूच्या एका बैठ्या चाळीत राहायचो. मी स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर होतो आणि बायको मुंबईच्या एका सरकारी इस्पितळात नर्स. मुलगा लहान म्हणून तिच्या मेट्रननं तिला बरेच दिवस दिवसपाळीवरच ठेवलं. तो साडेतीन वर्षांचा झाला तेव्हा मात्र तिला बोलावून सांगितलं, की आता इतरांसारखी तुलाही तीन महिन्यांतून एक महिना रात्रपाळी करावी लागेल.

दिवसाची काळजी नव्हती. शेजारी उत्तनकडची एक म्हातारी ख्रिस्ती बाई राहायची. तिला सगळी चाळ मावशी म्हणायची. आमचा मुलगा निम्मा तिच्याच घरी वाढला. ती त्याला जेवू घालायची, झोपवायची. प्रश्न होता रात्रीचा. दिवसा तो शहाण्यासारखा सांगून मोरीत जायचा, पण झोपला की अंथरूण ओलं. आठवड्यातून एखादा दिवस कोरडा गेला तर नशीब.

रात्रपाळी सुरू व्हायच्या आधी बायकोनं मला शिकवायला बसवलं. तिनं आपल्या जुन्या सुती साड्या आणि माझ्या वडिलांचं एक धोतर फाडून चौदा लंगोट शिवले होते. रोजचे दोन, आठवड्याचे चौदा.

"हे असं दुहेरी घ्यायचं," ती म्हणाली. "मुलग्याला पुढून जाड लागतं. मागे कितीही गुंडाळलंत तरी उपयोग नाही. नाडी बेंबीच्या खाली बांधायची आणि नाडीत दोन बोटं गेली पाहिजेत. गेली का? नाही ना. सोडा, पुन्हा बांधा."

मी चार वेळा बांधलं. मुलगा उताणा पडून छताकडं बघत होता, जणू हे दुसऱ्याच कुणाचं चाललंय.

खाली गोधडी, तिच्यावर रबरी कापड, त्यावर जुन्या साडीची चौघडी, असं अंथरूण घालायचं. मी झोपण्यापूर्वी त्याला एकदा उठवून मोरीत न्यायचं. पहाटे ओला लंगोट काढून पुसायचं आणि कोरडा बांधायचा. एवढं मला जमायला लागलं. अवघड होतं ते धुणं. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ. साबण कितीही घासा, फेस म्हणून यायचा नाही. त्या पाण्यात धुतलेला लंगोट वाळला की पापडासारखा कडक व्हायचा आणि मुलाच्या मांड्या लाल व्हायच्या. मग मावशीनं सांगितलं, धू कुठल्याबी पाण्यात, पण शेवटचं पाणी गोडं पाहिजे. गोडं पाणी लांबून हंड्यानं आणावं लागायचं. त्यातला अर्धा हंडा मी रोज लंगोटांना ठेवू लागलो.

विहिरीवर सगळ्या बायका, त्यांच्यात मी एकटा पुरुष लंगोट पिळतोय. समोरचा दुकानदार रोज विचारायचा, "क्या भाई, आज भी धोबीघाट?" मीही हसायचो. पण ते मनात कुठंतरी साचत होतं, हे आता कळतं.

दुसऱ्या खेपेची रात्रपाळी मे महिन्यात आली. बायको सकाळी येऊन दिवसभर झोपायची आणि संध्याकाळी मी यायच्या आत निघायची, मुलगा मावशीकडं असायचा. कारखान्यात ओव्हरटाइम चालू होता. घरी येऊन स्वयंपाक, मग मुलाला झोपवणं. उकाड्यात रबरी कापड त्याला चिकटायचं, तो झोपेत सरकत माझ्या अंथरुणावर यायचा. एका रात्री त्यानं आधी आपलं अंथरूण भिजवलं आणि मग माझं. सकाळी उठलो तो दोन्ही गोधड्या ओल्या. कामावर जायला उशीर होत होता. जूनमध्ये त्याला बालवाडीत घालायचं होतं. माझं डोकं फिरलं.

मी ओली गोधडी बाहेर ओट्यावर टाकली आणि त्याला तसाच, ओल्या लंगोटात, तिच्या शेजारी उभा केला.

"राहा इथं," मी म्हणालो. "सगळ्यांना बघू दे, एवढा मोठा घोडा झाला तरी अंथरुणात मुततो."

विहिरीवरच्या बायकांनी वळून पाहिलं. दोन-तीन मुलं हसली. तो रडला नाही. गोधडीचं एक टोक मुठीत धरून खाली बघत उभा राहिला. मी आत जाऊन चहा केला, प्यालो आणि मग त्याला आत घेतलं.

त्या रात्री अंथरूण कोरडं राहिलं. दुसऱ्या रात्रीही कोरडं. तिसऱ्या सकाळी कोरडा लंगोट सोडताना मला वाटलं, औषध लागू पडलं. कारखान्यात एकाला मी सांगितलंही, की पोरांना जरा धाक असावा लागतो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर मावशी तिच्या पायरीवर सुके बोंबील निवडत बसली होती. मला म्हणाली, "बस जरा."

मी बसलो.

"तुझा पोर पानी पीत न्हाय."

"म्हणजे?"

"पीत न्हाय म्हंजे पीत न्हाय. चार दिस झाले. भातावर कालवण घेतो तवढंच. मी गिलास दिला का तोंड फिरवतो. मना वाटलं पोट बिघडलं आसंल. आज दुपारी मुतला तं हळदीसारखं पिवळं, आन जळतंय म्हणून रडला. त्याचे ओठ बघ जाऊन."

मी तिच्या घरात गेलो. तो भिंतीला टेकून बसला होता. ओठांना चिरा पडल्या होत्या. चार दिवस मीच त्याला जेवायला वाढत होतो, मीच झोपवत होतो, आणि मला ते दिसलं नव्हतं. मी फक्त अंथरूण बघत होतो.

माठातलं पाणी पेल्यात घेऊन त्याच्यापुढं धरलं.

"नको."

"का रे?"

"पाणी प्यालं की शू होते," तो म्हणाला. "शू झाली की तुम्ही बाहेर उभं करता."

रुसून नाही, तक्रार म्हणून नाही. पाढा म्हणावा तसं त्यानं सांगितलं. चार वर्षांच्या मुलानं आपलं आपण शोधून काढलं होतं, की बापाला राजी ठेवायचं तर मे महिन्यात तहानेलं राहायचं.

"आता नाही उभं करणार," मी म्हणालो. "कधीच नाही. माझं चुकलं."

"आणि शू झाली तर?"

"झाली तर झाली. आपण धुऊ."

त्यानं पेला घेतला, एक घोट प्याला आणि माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग दुसरा घोट. प्रत्येक घोटाला तो माझ्याकडं बघत होता. पेला संपायला बराच वेळ लागला. पहाटे हात लावून पाहिला तर लंगोट चिंब. इतकं हायसं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

सकाळी बायको कामावरून आली. सांगू नये असं एकदा मनात आलं. पण मावशी सांगेल म्हणून नव्हे, तर मला ते पोटात ठेववेना म्हणून मी सगळं सांगितलं. ती ऐकत उभी होती, खांद्यावरची पिशवीही तिनं उतरवली नव्हती.

"आमच्या वॉर्डात मोठी माणसं अंथरूण ओलं करतात," ती हळू आवाजात म्हणाली. "ऑपरेशन झालेली, म्हातारी, चांगली शिकलेली. त्यांना कुणी असं चार लोकांत उभं केलं असतं, तर त्या माणसाला मी वॉर्डात पाऊल टाकू दिलं नसतं."

एवढं बोलून तिनं मुलाला जवळ घेतलं आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. पुढचे दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मला ते योग्यच वाटलं.

तिसऱ्या दिवशी ती त्याला इस्पितळातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी तपासून सांगितलं, मुलाला काही झालेलं नाही. दिवसा भरपूर पाणी द्या, रागावू नका, वयाप्रमाणं थांबेल. घरी आल्यावर तिनं व्यवस्था थोडी बदलली. रबरी कापड साडीच्या चौघडीखाली नीट टाचून घेतलं, म्हणजे ते अंगाला लागणार नाही. रात्रीचा लंगोट दोरीवरून निवडून आणायचं काम मुलाला दिलं. निळ्या काठाचा एक त्याचा लाडका झाला. आणि सकाळी ओले लंगोट बादलीत टाकायचंही काम त्याचंच, माझ्याबरोबर.

पुढच्या रविवारी मुलगा आणि मी विहिरीवर गेलो तेव्हा पाणी भरायला आलेल्या एका शेजाऱ्यानं विचारलं, "काय, आज नाही उभं केलं पोराला?"

"नाही," मी म्हणालो. "चूक माझी होती, त्याची नव्हे."

तो गृहस्थ काहीतरी पुटपुटत बादली भरू लागला. मुलगा ऐकत होता. त्यानं पिळायला घेतलेला लंगोट पिळला, झटकला आणि माझ्या हातात दिला.

अंथरूण कायमचं कोरडं व्हायला पुढं दीडेक वर्ष गेलं. नक्की कधी थांबलं ते आम्हा दोघांनाही आठवत नाही. आधी चार दिवसांतून एकदा, मग महिन्यातून एकदा, आणि मग एक दिवस लक्षात आलं, की बऱ्याच दिवसांत धुणं कमी आहे. मला आठवते ती त्याच्या आधीची एक सकाळ. माझ्या मेव्हण्याच्या मुलाचं बारसं होतं, म्हणून आम्ही रायगडकडं सासुरवाडीला गेलो होतो. घर पाहुण्यांनी भरलेलं. रात्री पिशवी उघडली तर लंगोटांचं गाठोडं भाईंदरलाच राहिलेलं. मी कासावीस झालो. सासूबाई स्वच्छतेच्या बाबतीत फार कडक, आणि अंथरायला दिलेली गोधडी त्यांच्या हातची, नवीन शिवलेली.

बायको म्हणाली, "जाऊ दे. ओलं झालं तर धुऊ."

पहाटे मला गाढ झोप लागली. जाग आली तर मुलगा शेजारी नव्हता. उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. सासूबाई चुलीपुढं बसल्या होत्या आणि तो त्यांच्यासमोर उभा होता, शर्ट वर धरून, खाली काही नाही.

"आजी," तो सांगत होता, "माझं अंथरूण ओलं झालंय. वाळत घालायला येतेस का? मला ते जड होतं."

"येते हां बाबा," सासूबाई म्हणाल्या. "चहाला आधण येऊ दे."

तो चुलीजवळ उकिडवा बसला आणि आधण येण्याची वाट बघू लागला.